पाळीआधी हनुवटीवर उठणारी तीच ती गाठ: परत का येते आणि कशी आटोक्यात येते

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. वय पंचविशी-तिशीचं. कॉलेजात असताना चेहरा बऱ्यापैकी साफ होता, आणि आता दर महिन्याला पाळीच्या आठवडाभर आधी हनुवटीवर, जबड्याच्या कडेला किंवा गळ्याच्या वरच्या भागात एक-दोन ठणकणाऱ्या गाठी येतात. तोंड नसलेल्या, खोल. आरशात धड दिसत नाहीत, पण बोट लागलं की कळ येते. पाळी सुरू झाली की बसायला लागतात, मागे काळपट डाग ठेवतात, आणि तो डाग फिका होईस्तोवर पुढची तारीख जवळ आलेली असते. मधल्या काळात फेसवॉश बदलून होतो, मुलतानी माती लावून होते, आईचं "पोट साफ नसेल" ऐकून होतं.

मी इंदूरला मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. त्वचारोगतज्ज्ञ नाही, निदान करणं माझं काम नाही. पण कुठली ट्यूब अर्धी वापरून टाकून दिली जाते, कुठली गोळी तिसऱ्या महिन्यात बंद होते, पर्चा, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, एकाचा आणि औषध दुसऱ्याच्या तोंडाला कसं लागतं, हे काउंटरवरून चांगलं दिसतं. ते बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. ही गाठ परत येते, कारण आपण ती दिसली की तिच्या मागे लागतो आणि बसली की सगळं सोडून देतो. उपचाराचे खरे दिवस म्हणजे चेहरा साफ असतो ते.

काही विकत घेण्याआधी तारखा मांडा

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. दुधाच्या हिशोबाशेजारी पाळीच्या पहिल्या दिवशी एक फुली, आणि नवी गाठ जाणवली त्या दिवशी एक टिंब. फुली कशाची असं सासूबाई विचारतील अशी धास्ती असेल तर मोबाइलमध्ये करा. तीन पाळ्या होऊ द्या. टिंबं फुलीच्या आधीच्या आठवडा-दहा दिवसांत दाटलेली दिसली आणि जागाही चेहऱ्याच्या खालच्या भागातलीच असली, तर यात हार्मोनचा हात आहे असं धरून चालायला हरकत नाही. टिंबं महिनाभर विखुरलेली असतील तर थांबा, खाली तोतये, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पण दुसऱ्या कारणाच्या पुटकुळ्या, सांगितले आहेत ते आधी तपासा. पाळीच दीड-दोन महिन्यांनी येत असेल तर टिंबांचा काही मेळ लागणार नाही, पण डॉक्टरांना सांगायची मोठी गोष्ट तीच आहे.

हा हिशोब दोन गोष्टींनी बिघडतो. एक, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. महालक्ष्म्या, मुंज, लग्न काही असलं की आमच्याकडे नॉरएथिस्टेरॉनची मागणी वाढते. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन आहे, त्याला थोडा पुरुषी हार्मोनचा गुण आहे, आणि काही जणींना त्यानेच पुटकुळ्या येतात. दुसरी, बहात्तर तासांच्या आत घ्यायची ती तातडीची गोळी. तिने पाळी मागेपुढे होते. असा महिना हिशोबातून वगळा, नाहीतर भलताच निष्कर्ष निघेल.

आत घडतं ते असं. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन उतरतं आणि अँड्रोजेनचं, म्हणजे ज्याला आपण पुरुषी हार्मोन म्हणतो त्याचं, पारडं त्या मानाने जड होतं. हे हार्मोन बायकांच्या शरीरात कायम थोडं असतंच. त्वचेतल्या तेलग्रंथी त्याच्या हुकमतीत असतात. त्या जास्त तेल सोडतात, रोमछिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा आपल्या त्वचेवर नेहमीच राहणारा जिवाणू वाढतो आणि सूज चढते. बूच बसायची सुरुवात गाठ दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी झालेली असते. म्हणून गाठ वर आल्यावर तिच्यावर टूथपेस्ट थापणं हे वरातीमागून घोडं.

आणखी एक. यातल्या बहुतेक जणींच्या रक्तातले हार्मोन नॉर्मलच निघतात. त्यांच्या तेलग्रंथी नेहमीच्या प्रमाणालाही जास्त चेकाळतात. टेस्टोस्टेरॉनचं त्याहून जोरकस डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर त्वचेतच होतं, ते रिपोर्टच्या कागदावर उमटत नाही. "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग हार्मोनल कसं?" असं विचारत जी येते तिला मी एवढंच सांगते. आणि उलट बाजूही खरी: जबड्यावर आलं म्हणजे हार्मोनचंच, हे समीकरण काही पक्कं नाही. पुष्कळ जणींना गालांवर, कपाळावरही येतं आणि तरी ते हार्मोनच्या उपचारांना दाद देतं.

तोतये ओळखा

इंदूरच्या मुलींचा पहिला तोतया म्हणजे स्कार्फ. स्कूटीवर बसताना डोळे सोडून सगळा चेहरा गुंडाळायचा, वरून हेल्मेटचा पट्टा, आणि विजयनगरहून राजवाड्यापर्यंत उन्हात जायचं. घाम, घासणं आणि दाब यांनी जबड्यावर बरोबर पट्ट्याच्या रेषेत बारीक पुटकुळ्या येतात. त्या वरवरच्या असतात, रोजच्या येण्या-जाण्याशी जोडलेल्या असतात आणि पाळीची वाट बघत नाहीत. सुती स्कार्फ घ्या, रोज धुतलेला घ्या, हेल्मेटच्या पट्ट्याचं कव्हर धुवा. महिन्याभरात फरक दिसला तर औषधाचे पैसे वाचले.

दुसरा थ्रेडिंग. हनुवटी किंवा वरचा ओठ करून आल्यावर दोन-तीन दिवसांत बारीक पुरळ, प्रत्येकाच्या मधोमध एक केस. हे केसांच्या मुळांचं दुखणं आहे. पण इथे जरा थांबायला हवं. हनुवटीवर दोऱ्याची गरज वरचेवर पडत असेल, केस जाड आणि काळे येत असतील, तर ते केस हीच अँड्रोजेनची खूण आहे. पार्लरमध्ये न बोलता काढल्या जाणाऱ्या या केसांचा विषय डॉक्टरांसमोर कोणी काढत नाही, आणि अर्धी माहिती तिथेच राहून जाते.

रंगपंचमीनंतरचा आठवडा वेगळाच. गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, बघायला जाण्याआधी रंग चढू नये म्हणून चेहऱ्यावर खोबरेल थापतात, मग रंग, मग तो काढायला खसाखसा घासणं. आठ-पंधरा दिवसांनी पुरळ. केसांना तेल लावून रात्रभर झोपणाऱ्यांच्या कपाळावरही तसंच येतं. खोबरेल तेल पाठीला, पायांना छान आहे. पुटकुळ्यांची प्रकृती असलेल्या चेहऱ्याला ते मानवत नाही.

खाज येत असेल आणि सगळे दाणे एकाच मापाचे असतील, कपाळ, छाती, पाठ इथे असतील, तर ते बुरशीचं असू शकतं. पावसाळ्यात आणि लांबलेल्या अँटिबायोटिकनंतर हे जास्त दिसतं. त्यावर पुटकुळ्यांचं अँटिबायोटिक आणखी दिलं तर वाढतंच.

बाकी औषधांपैकी बी-१२ची इंजेक्शनं लक्षात ठेवा. माळव्यात शाकाहारी घरं पुष्कळ, बी-१२ कमी निघणं नेहमीचं, आणि इंजेक्शनांचा कोर्स सुरू झाल्यावर काहींना अचानक एकसारखं पुरळ उठतं. क्षयाच्या औषधातलं आयसोनियाझिड, लिथियम, फिट्सचं फेनिटॉइन, तोंडाने घ्यायची स्टेरॉइडं, जिममधली व्हे पावडर यांचंही तसंच. मनाने काही बंद करायचं नाही, विशेषतः क्षयाचं आणि फिट्सचं तर अजिबात नाही. पण डॉक्टरांकडे जाताना हे सगळं सांगायचं.

आणि ती मिक्स ट्यूब

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त चेहरे मी हिच्यामुळे बिघडलेले बघते. "काकू, ती मिक्सवाली ट्यूब द्या ना, छोटी. शेजारच्या भाभींना चार दिवसांत फरक पडला." फरक पडतोच. ट्यूबच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं वाचा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही नाव असलं तर त्यात स्टेरॉइड आहे. सोबत एखादं अँटिबायोटिक, एखादं बुरशीचं औषध, नाहीतर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन घालून गोरेपणासाठी खपवलेलं. स्टेरॉइड सूज झटक्यात खाली बसवतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चेहरा चकचकीत होतो आणि विश्वास बसतो.

मग ट्यूब संपते, दोन दिवस लावायची राहते, आणि चेहरा लाल होऊन जळजळायला लागतो, पहिल्यापेक्षा जास्त पुटकुळ्या उठतात. बाई घाबरून दुसरी ट्यूब घेते. असं वर्षभर चाललं की त्वचा पातळ होते, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याला वेगळं नाव देऊन त्याविरुद्ध मोहीम चालवली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या यादीतून बाहेर काढलं. तरीही ती मिळतात, यात आमच्या धंद्यातल्या लोकांचा दोष आहे आणि तो मी झाकणार नाही.

अशी ट्यूब कित्येक महिने लावत असाल तर बाकीचे उपचार सुरू करण्याआधी हे सोडवायला लागतं. एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो. त्या काळात दुसरी औषधं पोळतात, आणि "मला काहीच सूट होत नाही" हा समज घर करतो. डॉक्टरांना ती ट्यूब नेऊन दाखवा. खोका नसला तरी चालेल, पिळून चपटी झालेली ट्यूबच पर्समध्ये टाका. "एक क्रीम लावत होते" असं सांगून त्यांना काही कळत नाही.

रक्त कधी तपासायचं

पाळी नियमित आहे, अंगावर नको तिथे केस नाहीत, वजन स्थिर आहे, आणि फक्त पाळीआधीच्या गाठी आहेत: अशा बाईला हजारो रुपयांचं हार्मोन पॅनेल करायची बहुधा गरज पडत नाही. पॅकेजच्या जाहिराती काहीही म्हणोत.

तपासायचं कुणी? पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतराने येते, वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते, हनुवटी-पोटावर जाड केस येतात, डोक्यावरचे मधल्या भांगाशी विरळ होतात, वजन चढतंय, मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळी आणि मखमली झाली आहे. ही मान कितीही घासली तरी स्वच्छ होत नाही, कारण तो मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट जुमानत नसल्याची ती खूण असते. यातलं काही असेल तर पीसीओएसचा विचार होतो, ज्याला इथे सगळे पीसीओडी म्हणतात. निदानासाठी २००३च्या रॉटरडॅम निकषांतल्या तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित बीजमोचन, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अंडाशयावर अनेक बारीक पुटिका. म्हणजे नुसत्या सोनोग्राफीवर "पीसीओडी आहे" असा शिक्का बसत नाही. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. शाळकरी आणि कॉलेजच्या सुरुवातीच्या मुलींना मात्र ही मोजपट्टी लावत नाहीत, त्या वयात अंडाशय तसे दिसतातच.

डॉक्टर बहुधा टेस्टोस्टेरॉन, डीएचईएएस, प्रोलॅक्टिन, टीएसएच, सकाळी घेतलेलं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन आणि साखर लिहितात. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दिलेलं बरं. गर्भनिरोधक गोळी चालू असताना टेस्टोस्टेरॉनचा आकडा फसवा येतो, त्यामुळे गोळी चालू आहे हे लपवू नका. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. बायोटिनमुळे थायरॉइड आणि हार्मोनच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात, म्हणून रक्त देण्याआधी काही दिवस ते थांबवायला सांगतात. ही एक गोष्ट लॅबच्या काउंटरवर क्वचितच कोणी विचारतं.

काही महिन्यांतच आवाज जाड झाला, चेहऱ्यावर भराभर केस वाढले, पाळी बंद झाली आणि पुटकुळ्या एकदम भडकल्या असं झालं तर कॅलेंडर वगैरे बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असते. खासगी फी परवडत नसेल तर इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलची ओपीडी आहेच, रांगेची तयारी ठेवून सकाळी जा.

लावायचं काय

मुख्य औषध रात्री लावायचं ॲडापॅलिन ०.१ टक्का जेल. ते बूच बसूच देत नाही. आणि म्हणूनच ते गाठीवर टिंब लावून चालत नाही, हनुवटी आणि जबड्याच्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. पूर्ण चेहऱ्याला मटाराच्या दाण्याएवढं पुरे. चेहरा धुतल्यावर तो पूर्ण कोरडा होऊ द्या, ओल्या त्वचेवर ते जास्त पोळतं. डोळे, नाकपुड्यांची कडा आणि ओठांचे कोपरे सोडा. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एकाआड एक, मग सोसेल तसं रोज. आधी साधं मॉइश्चरायझर लावून त्यावर जेल लावलं तरी चालतं. सुरुवातीला साल निघते, कधी चार पुटकुळ्या जास्तच येतात. तिथेच बऱ्याच जणी "रिॲक्शन आली" म्हणून ट्यूब परत करायला येतात. रिॲक्शन असेल तर सूज येते, पाणी सुटतं, सहन होत नाही. नुसता कोरडेपणा हा औषधाचा स्वभाव आहे.

सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड. अडीच टक्क्यांचं घ्या. पाच आणि दहा टक्क्यांचं त्याहून काही विशेष जास्त काम करत नाही, जळजळ मात्र जास्त करतं. आणि ते रंग खातं. लग्नात आलेल्या मरून टॉवेलवर नारिंगी-पांढरे डाग पडले की घरात चौकशी होते. पांढरा टॉवेल आणि पांढरी उशीची खोळ वापरा.

डाग जास्त पडत असतील किंवा दिवस राहिले असतील तर ॲझेलाइक ॲसिड हा चांगला पर्याय. गरोदरपणात ॲडापॅलिन टाळतात, ॲझेलाइक चालतं. क्लिंडामायसिनचं जेल एकटं महिनोन्महिने लावू नये, जिवाणू त्याला सरावतात; ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच.

या सगळ्याला दोन ते तीन महिने द्यायचे. इतका धीर कोणाकडे नसतो हे मला माहीत आहे. दर पंधरा दिवसांनी नवं सिरम आणणाऱ्या बाईला काय लागू पडलं आणि काय बाधलं हे कधीच कळत नाही.

पोटात घ्यायची औषधं, आणि तिसऱ्या महिन्याचा घोळ

वरच्या उपायांनी भागलं नाही, गाठी खोल असतील, खड्डे पडत असतील, तर डॉक्टर आतून औषध देतात. डॉक्सिसायक्लिन सूज उतरवतं, पण ते साधारण तीन-चार महिन्यांच्या वर चालवायचं नसतं आणि सोबत लावायचं औषध हवंच. ती कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडव्या होऊ नका. घोटभर पाण्याने गिळून झोपलेल्या बाईच्या अन्ननलिकेत ती अडकते आणि दोन दिवस थुंकी गिळताना छातीत कळा येतात. अँटिबायोटिकने हार्मोन बदलत नाही, त्यामुळे बंद केल्यावर गाठी परतल्या तर औषध "सरावलं" असं समजू नका.

हार्मोनच्या बाजूने दोन रस्ते आहेत. एक एकत्रित गर्भनिरोधक गोळी, म्हणजे इस्ट्रोजेन आणि दुसरं हार्मोन दोन्ही असलेली. आपल्याकडे सायप्रोटेरॉन किंवा ड्रोस्पिरेनॉन असलेली जास्त लिहितात. फरक दिसायला काही पाळ्या जातात. ब्लडप्रेशर जास्त असेल, रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकून अर्धशिशी उठत असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल किंवा पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असाल तर ही गोळी नको. लग्न न झालेल्या मुलीला ही लिहून दिली की आया काउंटरवर आवाज खाली आणतात. तिथे ते औषध पुटकुळ्यांचं असतं, एवढं समजून घ्यावं. नुसत्या प्रोजेस्टिनच्या वस्तूंनी, म्हणजे हार्मोनची कॉपर-टीसारखी गर्भाशयात बसवायची साधनं किंवा इंजेक्शन, काहींच्या पुटकुळ्या वाढतात. बसवल्यानंतर काही महिन्यांत चेहरा बिघडला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर सांगा.

दुसरा रस्ता स्पायरोनोलॅक्टोन. मुळात ब्लडप्रेशरचं आणि लघवीचं औषध. घरच्यांनी मोबाइलवर शोधलं की "तुला बीपी कधी झालं?" सुरू होतं. अँड्रोजेनला ते ग्रंथीपाशी अडवतं, म्हणून पुटकुळ्यांत वापरतात. पाळी अनियमित होणं, स्तन दुखणं, चक्कर, वारंवार लघवी हे त्रास होऊ शकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीची काही औषधं चालू असतील तर पोटॅशियम वाढायची भीती असते. गरोदरपणात ते चालत नाही, मुलगा असेल तर गर्भाच्या वाढीवर परिणाम होतो. पुरुषांना पुटकुळ्यांसाठी ते देत नाहीत. त्यामुळे भावाच्या तोंडावर आलंय म्हणून त्याला आपली गोळी देऊ नका. हसू नका, असं झालेलं आहे.

आता तिसऱ्या महिन्याचं. इंग्लंड-वेल्समध्ये ४१० स्त्रियांवर या गोळीची चाचणी झाली, ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. पहिले सहा आठवडे ५० मिलिग्रॅम, मग १००. बारा आठवड्यांनी विचारलं तेव्हा खरी गोळी घेणाऱ्यांतल्या ७२ टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या ६८ टक्के बायकांना बरं वाटत होतं. फरक जवळजवळ नाहीच. चोवीस आठवड्यांनी हेच आकडे ८२ आणि ६३ झाले. आमच्याकडे पर्चा तीन महिन्यांनंतर रिपीट व्हायचा थांबतो तो बरोबर या जागी, औषधाचा गुण दिसायला लागणार तेवढ्यात. सहा महिने झाल्याशिवाय "फरक नाही" म्हणू नका, आणि फरक पडला की त्याच आठवड्यात बंदही करू नका. गोळी थांबल्यावर गाठी परतू शकतात, म्हणून डॉक्टर ती हळूहळू कमी करतात आणि रात्रीचं ॲडापॅलिन पुढेही चालू ठेवतात.

पीसीओएस आणि साखरेचा गोंधळ असेल तर मेटफॉर्मिन लिहितात. वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी पाळी सुधारायला मदत होते. खूपच तीव्र असेल तर आयसोट्रेटिनॉइन. चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग होतं. लग्न ठरलेल्या मुलीने तारीख डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी. मुहूर्ताच्या महिनाभर आधी येऊन "चेहरा साफ करून द्या" म्हटलं तर कोणाकडेच सुरक्षित जादू नाही. त्या काळात पार्लरमधलं वाफ-मसाज-फेशियलही खोल गाठींना चाळवतं.

खाण्याचं आणि घरगुती उपायांचं

साखर, मैदा असं रक्तातली साखर लवकर चढवणारं खाणं कमी केल्यावर पुटकुळ्या कमी होतात, याला बऱ्यापैकी आधार आहे. दुधाबद्दल, विशेषतः साय काढलेल्या, थोडा. तिखट-तळकटाबद्दल फारसा नाही. म्हणजे सकाळच्या पोह्यांवरच्या शेवेला घाबरायचं कारण नाही, सोबतची जिलबी आणि सराफ्यातली रात्रीची रबडी यांचा मात्र विचार करा. हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला.

लिंबू, खाण्याचा सोडा, अक्रोडाच्या सालीचा स्क्रब चेहऱ्याला लावू नका. आपल्या रंगाच्या त्वचेला जिथे जळजळ होते तिथे काळा डाग पडतो आणि तो पुटकुळीपेक्षा जास्त दिवस राहतो. गाठ फारच ठणकत असेल तर रुमालात बर्फ गुंडाळून पाच मिनिटं धरा, आणि नखाने दाबू नका. आतलं बाहेर येण्याऐवजी आणखी खोल जातं.

डागांचं म्हणाल तर दोन प्रकार वेगळे ठेवा. सपाट काळपट डाग महिन्यांत आपोआप फिके होतात. तोंडावर स्कार्फ असला तरी एसपीएफ ३०च्या वरचं जेल सनस्क्रीन रोज लावलं तर लवकर होतात. ॲडापॅलिन आणि ॲझेलाइक त्यालाही मदत करतात. बोटाला खोलगट लागणारे खड्डे मात्र कुठल्याच ट्यूबने भरत नाहीत. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ सुईची किंवा लेझरची प्रक्रिया करतात, आणि नव्या गाठी येणं काही महिने थांबल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.